जागेची अडचण

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडून टाकलं नसशील, तर आता शेवटपर्यंत वाच. चौथीत माझी शाळा सुटली ती सुटली, तेव्हा शुद्धलेखनाकडे बघू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू गप्प बसतेस आणि मग मीच भलतंसलतं बोलून ठेवून देते. खुर्ची ओढ आणि बस. लांबलचक आहे.

पहिली बातमी वाईट. तुझ्या भावोजींचा उजवा पाय गेला, गुडघ्याखालून. साखर होतीच. अंगठ्याला जखम झाली, ती ह्यांनी दोन महिने मोज्यात लपवली. मोजा उतरवला तेव्हा मी असा काही गळा काढला की डॉक्टर म्हणाले, बाई, आता ओरडून काय उपयोग, दोन महिन्यांपूर्वी ओरडायचं होतं. जसं काही मला कुणी मोज्यात डोकावू दिलं होतं. या गोष्टीला पाच महिने झाले. जखम भरली, कुबड्या घेऊन घरभर फिरतात. पण दुकान सुटलं. तू पाहिलंयस ना ते, बाजारातल्या इमारतीच्या तळघरात, एकोणीस पायऱ्या खाली. सत्तावीस वर्षं त्या भोकात बसून ह्यांनी जळलेल्या मोटरी भरल्या. जळकी तार उपटायची, नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजून घालायची, वार्निशात बुडवून भट्टीत वाळवायची. दुसरं काही येत नाही त्या माणसाला. बोलायलासुद्धा येत नाही.

घरी बसल्यावर पहिल्या महिन्यात ह्यांनी आमचा चांगला चालणारा पंखा उतरवायला लावला, उघडला, भरला, परत लावायला लावला. आठ दिवसांनी पुन्हा तोच पंखा. मग पाण्याची मोटर, मग गल्लीतल्या सगळ्यांचे मिक्सर. मी नुसती कावून गेले होते. पाणी भरायला जावं तर मोटर पलंगावर आतडी काढून पडलेली. एक दिवस बाहेरून आले तर काहीच उघडलेलं नव्हतं. हात मांडीवर ठेवून हे भिंतीकडे बघत बसले होते. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी मी आपणहून पंखा खाली काढला आणि समोर ठेवला, म्हटलं आवाज करतोय. म्हणाले, नाही करत.

तेव्हा मी ठरवलं, दुकान इथेच आणायचं. आपली पुढची खोली रस्त्याला लागून, मध्ये एक पायरी नाही. पलंग मागे ढकलला, बाक मांडला, भट्टी अंगणाच्या टोकाला लावली. हे बाकावर बसले, हातात तार घेतली, आणि त्या दिवशी दोनदा जेवायला मागितलं. बरोबर सोळाव्या दिवशी नगरपालिकेचा माणूस दारात. ही गल्ली राहण्याची, इथे धंदा चालणार नाही, बंद करा. करायचाच असेल तर खास परवानगीचा अर्ज करा, सुनावणी होईल.

अर्ज करायला गेले. तिथला चष्मेवाला कारकून माणूस वाईट नाही, पण शब्द असे बोलतो की दगड चावल्यासारखं वाटावं. कारण काय लिहू म्हणाला. म्हटलं, लिहा, नवऱ्याचा पाय कापलाय. तर म्हणतो, ते चालत नाही. अडचण माणसाची नको, जागेची दाखवायची. जागाच अशी पाहिजे की नियम पाळून तिचा धड वापर होत नाही. माणसं काय, आज आहेत उद्या नाहीत, परवानगी जागेला मिळते. मी म्हटलं, मग जमिनीचा पाय कापलाय असं लिहू का? शेजारच्या टेबलावरची बाई खुदकन हसली. तो नाही हसला. त्याने नकाशा पसरला आणि बोट ठेवलं. बाबांनी एका प्लॉटचे उभे दोन तुकडे केले, एक तुला, एक मला, मध्ये एकच भिंत. बारा फूट रुंद आणि लांबच लांब, शेपटासारखे. कारकून म्हणाला, ही घ्या तुमची अडचण. एवढ्या अरुंद जागेत बाजूने वाट सुटत नाही, म्हणून मागे वेगळी खोली काढता येत नाही, पुढच्या खोलीतच काम करावं लागेल. बाबांनी दोघींना सारखं मिळावं म्हणून केलं, आणि सरकारी कागदावर तीच अडचण झाली. मी सही केली.

मग फाटकावर पिवळी नोटीस लागली, कुणाला हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी. गल्ली कशी आहे तुला माहीत आहे. पिठासारखी माणसं, पाणी घालाल तशी मळली जातात. कोपऱ्यावरच्या भज्यांच्या गाडीवाल्याने वार्निशाच्या वासाचं कुरकुरत सांगितलं, मी म्हटलं तुझ्या गाडीच्या धुराचा मी रोज हलवा करून खाते, तेव्हा त्यानेही सही केली. पण सगळ्यांच्या आधी, न बोलावता, समोरच्या मास्तरीणबाई आल्या. मास्तर जाऊन आठ वर्षं झाली, आता त्या एकट्याच असतात, मान हलते. ना हरकतीच्या कागदावर पहिली सही त्यांनी केली. सही करायला दहा मिनिटं लागली, मी कागद धरून उभी. मग म्हणाल्या, "हे असते तर ह्यांनीच तुमचा अर्ज लिहून दिला असता." मी आत जाऊन पाण्याचा पेला आणला आणि तो त्यांना न देता स्वतःच प्यायले.

त्या मास्तरांना तू काय बोलली होतीस ते मला अजून ऐकू येतं. अकरा वर्षं झाली. तुझ्या शिवणवर्गाचा अर्ज फेटाळला गेला, कागदावर एवढंच होतं की शेजारच्या रहिवाशाची हरकत आली, गोंगाट आणि रहदारीला अडथळा. नाव नव्हतं. तू सहा मशिनं ठरवून ठेवली होतीस, भिंतीला रंग दिला होतास, अकरा मुलींची नावं वहीत लिहिली होतीस. गल्लीत अर्ज लिहिणारा माणूस एकच. दिव्याबद्दल, गटाराबद्दल, कुत्र्यांबद्दल, मास्तरांचं अर्धं निवृत्तिवेतन कागदातच जात असेल. तू तरातरा त्यांच्या फाटकाशी गेलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "जन्मभर शिकवलंत, आणि माझं शिकवणं बंद पाडलंत." ते म्हणाले, मी नाही लिहिलं, बाई. तू ऐकलं नाहीस. ते वर्तमानपत्र हातात धरून तसेच उभे राहिले. महिन्याभरात तू कुलूप लावून गेलीस.

तुला एक गोष्ट माहीत नाही. त्यानंतर मास्तरांनी एकही अर्ज लिहिला नाही. कोपऱ्यावरचा दिवा दोन वर्षं बंद होता. मी एकदा म्हटलंसुद्धा, मास्तर, लिहा की. म्हणाले, नको, लोकांना वाटतं मी त्यांच्या वाइटावर आहे. आणि मी दिसले की विचारायचे, धाकटीचं काही कळलं का, बरी आहे ना. मी म्हणायची, बरी आहे.

आता सुनावणीचं सांगते. गेल्या मंगळवारी झाली. लांब टेबल, तीन साहेब, मधला बोलणारा. मागे बाकांवर गल्लीतली चार माणसं, मास्तरीणबाई पुढच्या बाकावर, माझ्या बाजूने बोलायला आलेल्या. ह्यांना मी आणलं नव्हतं. म्हणाले होते येतो, पण कुबड्या दाखवून मागितलेलं मला नको होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. साहेबांनी अरुंद जागेचं मान्य केलं, भट्टी कुठे, वास कुठे जातो, विचारलं. मग कारकुनाने त्यांच्यासमोर एक जुनी फाईल सरकवली. साहेब म्हणाले, याच प्लॉटच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, एवढ्याच रुंदीच्या जागेत शिवणवर्गाला आपण नाही म्हटलेलं आहे. तिथे नाही आणि इथे हो, हे कसं द्यायचं? त्यांनी फाईलची पानं उलटली. एका पानावर थांबले. ते पान वाचलं, माझा अर्ज वाचला, पुन्हा ते पान वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मोठ्याने काही बोलले नाहीत, एवढी मेहेरबानी केली. पुढची तारीख दिली, वीस, आणि म्हणाले की जुनी हरकत ज्यांची होती त्यांनी ती इथे सर्वांसमोर मागे घेतली, तर तो निर्णय आड येणार नाही. बाहेर पडताना मास्तरीणबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, घाबरू नका, तो कोण होता ते एकदा कळू दे, आपण दोघी जाऊन त्याच्या पाया पडू.

तोवर बाक झाकून ठेवलाय. हे पुन्हा भिंतीकडे बघतात.

धाकटे, तो मी होते. तुला कळलंच असेल एव्हाना, तू माझ्यापेक्षा हुशार. कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडून लिहून घेतलं, त्याने विचारलं काय कारण घालू, मी म्हटलं घाला तुमचं नेहमीचं. गोंगाट, रहदारी, ते त्याचं. माझं कारण वेगळं होतं. आई तेव्हा अंथरुणावर होती, माझ्याकडे. तू रोज दुपारी तीन तास येऊन बसायचीस, तिला कुशीवर वळवायचीस, तेवढ्यात मी आंघोळ करायची, झोपायची, माणसात यायची. वर्ग चालू झाला की तू येणार नाहीस आणि आईचं सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात पडेल, एवढंच डोक्यात होतं. आणि झालं काय, तू गावच सोडून गेलीस आणि ते पडलंच. आई सात महिने तुझं नाव घेत होती, मी तिला सांगायची, धाकटी रागावलीय मास्तरांवर. ह्यांनाही हे माहीत नाही, अजून नाही. उद्या सकाळी मास्तरीणबाईंकडे जाऊन सांगणार आहे आणि वीस तारखेला त्या टेबलासमोर. पण शेजारच्या जागेची मालकीण म्हणून आणि जुनी अर्जदार म्हणून कचेरी तुला नोटीस पाठवणार, त्यासोबत त्या हरकतीची नक्कल, खाली माझी सही. तो लिफाफा सोमवारी निघेल असं कारकून म्हणाला. तो पोचायच्या आत तुला माझ्या अक्षरात कळावं म्हणून हे लिहिलं. सही मागत नाही. त्या नोटिशीवर दोन चौकोन असतील, तुला पाहिजे त्यात खूण कर. हरकत घेतलीस तर बाक मी स्वतः उचलून आत ठेवीन, तुला एक शब्द बोलणार नाही. फक्त खाली कारणासाठी तीन ओळी दिलेल्या असतात, त्यात खरं कारण लिही. मी लिहिलं नव्हतं.

तुझीच, तुला आवडो न आवडो,
थोरली