ओकच्या खिळ्यावरचा बिल्ला

रविवार, दुपार
ऑक्टोबरचा शेवट

प्रिय हार्लन,

हे पत्र मार्लिस तुला वाचून दाखवेल. मध्येच तिला थांबवून "हा आर्विड कोण?" असं तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगतो. तुझ्या शेताच्या कुंपणापलीकडचा आर्विड. कागदाच्या कारखान्यात तीस वर्षं पाळ्या केलेला, आणि ज्याचं धनुष्य "भिंतीवर टांगलं की फार शोभतं" असं तू चारचौघांत म्हणायचास, तोच. गेली बारा वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही. चर्चमध्ये तू डावीकडे बसायचास, आम्ही उजवीकडे. मग मार्लिस तुला तिच्या गावी घेऊन गेली आणि तेही संपलं.

तिचं पत्र मागच्या महिन्यात आलं. तुला आता नातवंडांची नावं आठवत नाहीत, जेवलास की नाही तेही आठवत नाही, असं तिनं लिहिलंय. पण रोज दुपारी तू म्हणे त्या वृद्धाश्रमातल्या सूचनाफलकासमोर जाऊन उभा राहतोस, एकेका कागदावर बोट ठेवतोस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतोस, "इथं हिकरी लिहिलंय ना? मग मला ओक का दिसतं?" नर्स बिचारी तुला खिडकीतून मेपलची झाडं दाखवते. पोरीनं मला विचारलंय, "तुम्ही त्या दिवशी होतात. बाबांना जरा शांत वाटेल असं काही लिहाल का?" तीन आठवडे कागद टेबलावर पडून होता. लिहायला बसलो की कॉफी करायला उठायचो. आज कॉफीच संपली.

आधी इकडची खबर देतो. माझी लव्हर्न एप्रिलमध्ये गेली. तुला कळवलं नाही, कारण तिनंच बजावलं होतं की हार्लनला माझ्या अंत्यविधीला पाऊल टाकू द्यायचं नाही. शेवटच्या आठवड्यात तिला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, पण तुझं नाव निघालं की तिचा चेहरा दगड व्हायचा. मी पलंगाशेजारी बसलेला असायचो. ओढ्याकाठचा तो म्हातारा ओक जुलैच्या वादळात आडवा झाला. तुझी जमीन ज्यानं घेतली त्याचं पोरगं त्याचं सरपण करून घेऊन गेलं. टेकडीपलीकडची हिकरी उभी आहे अजून. ती पडावी म्हणून मी किती वर्षं वाट बघतोय, पण ती काही पडत नाही.

काल शेडमध्ये जाऊन ते शिकारीचं घडीचं लपण खाली काढलं. आठवतं का रे तुला? त्या हिवाळ्यात आपण दोघांनी मिळून मागवलं होतं. खोकं उघडलं तर आत छत्रीसारख्या काड्या, झाडाच्या सालीसारखं रंगवलेलं कापड आणि चार बंद. तू म्हणालास, "आर्विड, हा तंबू आहे की तुझ्या सासूचा झगा?" मग आपण ते तुझ्या शेडमधल्या खांबावर, मचाणाच्या बैठकीभोवती बांधलं, आणि दोघे घोडे आत दाटीवाटीनं बसलो. माझा कर्ट तेव्हा चौदाचा होता. तो शाळेतून आला, "बाबा, बाबा" करत शेडभर फिरला, आपल्या खालून दोनदा गेला, आणि तुला हसू आवरेना म्हणून सगळं बिंग फुटलं. पाच मिनिटांत लागतं, पाच मिनिटांत निघतं, पाठीवर टाकून कुठल्याही झाडावर न्यावं. हरणाच्या नाकासमोर बसा, त्याला पत्ता लागत नाही. काल पिशवी उघडली तर आत उंदरानं संसार मांडला होता. खिडकीची फाटकी कड लव्हर्ननं हिरव्या दोऱ्यानं शिवली होती, तेवढी शाबूत आहे.

आणि फळी. ती तुझीच कल्पना. तुझा मामेभाऊ मचाणावरून पडून दीड दिवस जंगलात पडून राहिला, त्यानंतर तू ती केलीस. तुझ्या शेडमध्ये टेलिफोनच्या बाजूला पाइनची फळी, तिच्यावर सात खिळे, प्रत्येक खिळ्याखाली एका झाडाचं नाव. झाडूच्या दांड्याचे काप करून बिल्ले केलेस, तुझा निळा, माझा पांढरा, कर्टचा लाल. जंगलात शिरण्याआधी ज्या झाडावर बसणार त्याच्या खिळ्यावर आपला बिल्ला लावायचा, म्हणजे माणूस परतला नाही तर कुठं शोधायचं ते कळतं. लपण फिरतं होतं, आज या झाडावर तर उद्या त्या, म्हणून तर फळी हवीच होती. कर्टला समोर उभं करून तू बोट रोखून म्हणाला होतास, "या फळीवर जो खोटं बोलेल त्यानं माझ्या जमिनीवर धनुष्य आणायचं नाही. तुझा बाप असला तरी." आम्ही दोघे हसलो होतो. तू हसला नव्हतास.

त्या गुरुवारचं सगळ्यांना माहीत आहे तेवढंच आधी लिहितो. कर्ट बावीसचा होता. पहाटे गेला तो अकरा वाजले तरी परत आला नाही. मी कारखान्यात, पहिल्या पाळीला. लव्हर्ननं तुला फोन केला. तू फळी बघितलीस आणि ओढ्याकाठच्या ओककडे धावलास. झाडाला चढायच्या पायऱ्या होत्या, पण लपण नव्हतं. तुला वाटलं, पोरानं हरणाला बाण मारला असणार, लपण गुंडाळलं असणार आणि रक्ताच्या मागावर गेला असणार. तुझ्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. तू तीन तास ओढ्याच्या काठानं पानं उलथत रक्त शोधत फिरलास. मी तीनला घरी आलो, लव्हर्ननं सांगितलं, आणि मी पळत सुटलो तो थेट टेकडीपलीकडच्या हिकरीखाली. तिथं तो पडला होता. पहाटेच्या दहिवरानं पायरी निसरडी झाली होती आणि कमरेचा पट्टा अजून झाडाला अडकवलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, दुपारी एकपर्यंत जीव होता. अकराला कुणी पोचलं असतं तर, असं म्हणून ते थांबले. ते वाक्य पुढे गावानं पूर्ण केलं.

संध्याकाळी तुझ्या शेडमध्ये शेरीफचा डेप्युटी वही घेऊन उभा होता. तू त्याला सांगितलंस, "बिल्ला ओकच्या खिळ्यावर होता." त्यानं टॉर्च मारला. लाल बिल्ला हिकरीच्या खिळ्यावर होता. तू जवळ गेलास, चष्मा काढलास, शर्टाच्या टोकानं पुसलास, परत घातलास. मग बिल्ल्याला नुसतं बोट लावून बघितलंस. लव्हर्न दारात उभी होती. ती ओरडली, "आंधळा आहेस का रे तू? माझं पोर तिकडे मरत होतं!" तू माझ्याकडे बघितलंस. आपली सदतीस वर्षांची ओळख, हार्लन. मी खाली बघितलं.

त्यानंतर तू काय काय केलंस ते मला इकडून तिकडून कळत राहिलं. डोळ्यांच्या दोन डॉक्टरांकडे गेलास, दोघांनी सांगितलं नजर चांगली आहे, तर तू तिसरा गाठलास. गाडी चालवणं सोडलंस. धनुष्य चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत देऊन टाकलंस. शुक्रवारी मासे खायला बसलात की तू मेन्यू वाचायला बायकोच्या हातात द्यायचास, म्हणे माझ्या वाचण्याचा भरवसा नाही. हे ऐकलं की मी घरी येऊन शेडमध्ये उगाच हत्यारं लावत बसायचो. दोनदा तुझ्या फाटकापर्यंत आलो. पहिल्यांदा तुझा कुत्रा भुंकला आणि मी परत फिरलो. दुसऱ्यांदा कुत्रा मेलेला होता, तरी परत फिरलो.

आता ज्यासाठी बसलो ते. मार्लिस, इथून पुढे जरा हळू वाच.

त्या आदल्या रविवारी टेकडीपलीकडे मी एक नर बघितला होता, शिंगांना बारा टोकं. आदल्या वर्षी तुझ्या हरणाचं मुंडकं बारच्या भिंतीवर लागलं होतं आणि गावानं मला वर्षभर हैराण केलं होतं. म्हटलं, हा हार्लनला द्यायचा नाही. मी आणि कर्टनं लपण ओकवरून काढलं आणि हिकरीवर बांधलं. पायऱ्याही मुद्दाम ओकवरच ठेवल्या, हिकरीला नव्या ठोकल्या. कर्ट म्हणाला, "बाबा, बिल्ला आता हिकरीवर लावायचा ना?" मी म्हटलं, "राहू दे ओकवर. त्याला कळलं तर उद्या येऊन बसेल टोणगा." तो म्हणाला, "नियम आहे त्याचा." मी म्हटलं, "चार दिवसांनी काय होतंय?" त्या पोरानं आयुष्यात माझं फार कमी वेळा ऐकलं. ते नेमकं ऐकलं. गुरुवारी पहाटे त्यानं तुझ्या शेडमध्ये जाऊन लाल बिल्ला ओकच्या खिळ्यावर लावला आणि तो हिकरीकडे गेला. दुपारी त्याचा गार हात सोडून मी अॅम्ब्युलन्स बोलवायला तुझ्या शेडमधल्या फोनकडे धावलो. एका हातात रिसीव्हर होता, पलीकडे घंटी वाजत होती, आणि दुसऱ्या हातानं मी बिल्ला उचलून हिकरीवर लावला. इतकं सोपं होतं. लव्हर्नला मी कधी सांगितलं नाही. ती गेली तुला शिव्या देत, आणि मी तिची उशी सारखी करत होतो.

माफी मागत नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. हे वाचून काही भरून निघणार नाही हेही कळतं. मार्लिस म्हणते, सकाळी सांगितलेलं तुला जेवणापर्यंत राहत नाही. म्हणजे आज तुला कळेल, तू मला शिव्या घालशील, कदाचित रडशील, आणि उद्या दुपारी पुन्हा त्या फलकासमोर उभा राहशील. मी बारा वर्षं थांबलो आणि आता सांगायला तू जागेवर नाहीस. म्हणून पोरी, तुला हात जोडतो, हा कागद फेकू नकोस. तो रोज त्या फलकापाशी जाईल तेव्हा रोज हे वाचून दाखव. त्याला रोज माझ्यावर नव्यानं थुंकू दे. सगळं वाचायचा कंटाळा आला तर एवढंच वाच: हार्लन, तुझे डोळे चांगले होते. फळीवर ओक होतं आणि तू ओकच वाचलंस.

तुझाच, असं लिहायचा हक्क राहिलेला नाही, पण दुसऱ्या कुणाचाही नाही,
आर्विड