पाणथळीवर ही आणि मी

४ मे, सोमवार
ही बहिणीकडे गेल्याला दोन महिने झाले. हवापालट. मेहुणी फोनवर म्हणाली, ताई दर रविवारी पाणथळीच्या अभयारण्यात पक्षी बघायला जाते. म्हणजे करमत नाही बिचारीला. संकल्प: या रविवारी जाऊन सरप्राइज द्यायचं आणि हिला घेऊनच घरी यायचं. दुर्बीण मागवली. रोज दहा पक्षी पाठ करणार.

६ मे
खंड्या, शेकाट्या, वंचक. ऑफिसात काम फार.

९ मे, शनिवार
तीनच झाले. पण पक्के. हिचं कपाट आवरून ठेवलं. रिकामंच होतं, वेळ लागला नाही.

१० मे, पहाटे ५.४०
गेटवर हजर. लाल टी-शर्ट घातलाय, हिला लांबून दिसावा म्हणून.

१० मे, सकाळी ११
ही मला बघून दचकली. आनंदानेच असेल. गाईड म्हणाले, लाल रंगाला पक्षी बुजतात. म्हटलं, आमचा पोपट कशालाच बुजत नसे. मग पोपटाची सगळी हकिगत सांगितली. तेवढ्यात शेकाटे उडाले, झाडून सगळे. ऊन लागलं असेल.

कुठूनही आवाज आला की ही डोळे मिटून पक्ष्याचं नाव सांगायची. लोक लिहून घ्यायचे. इतकं येतं हे मला कधी बोलली नाही. तसं मी विचारलंही नव्हतं.

मग मला बाजूला घेऊन हिने चिखलातला वंचक दाखवला. दिसतोय का, म्हणाली. मला नुसता चिखल दिसत होता. म्हटलं, वा, काय रंग! म्हणाली, तो मघाशीच उडाला.

नंतर म्हणाली, मी आता परत येणार नाही. खोली बघितलीय, पुढच्या महिन्यात राहायला जातेय. हे चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर समजूत काढता आली असती. माझं चुकलं तरी काय, असं विचारलं. म्हणाली, जरा हळू बोला, पलीकडे पक्षी बसलेत.

११ मे
जिन्यात शेजारच्या बाईंनी विचारलं, वहिनी कधी येताहेत? दोन महिने 'पुढच्या आठवड्यात' सांगत आलो. आज म्हटलं, येणार नाही ती. बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, भाऊजी, तुमचं आपलं काहीतरीच!
मीही हसलो.