परातीतलं पीठ

मुंबई, मार्च १९८७

प्रिय गोपिका,

पत्र बघून म्हणशील, टीव्हीवर दिसायला लागल्या अन् लतिकाबाईंना नागपूर आठवलं बाप्पा! म्हण. चौथीच्या पोरांकडून पाढे घोकून घेणारी मी, पेन्शनीत निघून मुलाकडे मुंबईला काय आले, कुणाच्या तरी सासूचं काम मिळालं आणि आता भाजीवालाही मला सासूबाई म्हणतो. परवा चष्मा विसरून सेटवर गेले नि भलत्याच सुनेला झापलं. सगळे पोट धरून हसले. मजेत आहे, एवढंच लिहिणार होते. पण कशाची मजा वं! आठवडाभर घास गोड लागत नाही.

चंपतरावांनी टीव्ही घेतल्याचं यमुताईनं कळवलं. गुरुवारी सारी गल्ली माझी मालिका बघायला त्यांच्याकडे बसते, आणि तू सगळ्यांच्या पुढे, हेही. नागपुरात, नंदनवन वस्तीत तुझ्या-माझ्या घरात एकच भिंत होती. तू पुढे बसणार नाहीस तर कोण? पण तेच वाचून तुला हे सांगणं मला भाग पडलं.

मालिकेत माझा तरणा मुलगा जातो. मी दिवसभर रडून दाखवलं. दिग्दर्शक म्हणाले, बाई, हे शाळेच्या गॅदरिंगमधलं रडणं झालं. मला फार झोंबलं ते. आणि मग मी तुझा लेक आठवला, शालिक.

खाणीत अपघात झाला आणि सावनेरहून त्याच्या सोबतची माणसं त्याला घेऊन आली, तो दिवस. तू रडली नाहीस. त्यांच्याकडे बघून म्हणालीस, सकायपासून उपाशी असान गा तुम्ही, बसा. आणि परात ओढून पीठ मळायला घेतलंस. अशा दिवशी घरात चूल पेटत नाही, कडू घास शेजारून येतो, हे काय तुला ठाऊक नव्हतं? शेजारची बायजाबाई परात काढून घ्यायला वाकली, पण तुझे हात बघून तिचा धीर झाला नाही. पीठ सैल व्हायचं, तू आणखी पीठ घालायचीस, मग पुन्हा पाणी. मी तुझ्या पाठीवर हात ठेवून बसले होते.

ते सगळं मी केलं, गोपिका. परात मागवली. पाणी जास्त घातलं. मनगटानं केस मागे सारले, तेही तुझंच. कॅमेरावाला डोळे पुसत होता. हे कुठून आणलंत, असं दिग्दर्शकांनी विचारलं तर मी म्हणाले, सुचलं. अगदी सहज म्हणाले. घरी आल्यावर सुनेनं जेवायला वाढलं तर पानाकडे बघवेना. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

पुढच्या गुरुवारी तो भाग लागेल. गल्लीतल्या प्रत्येकाला कळेल ते कुणाचं आहे, आणि तू तिथे सगळ्यांमध्ये बसलेली असशील. काल धीर करून दिग्दर्शकांना खरं सांगितलं. त्या बाईंची हरकत असेल तर तेवढं काढून टाकू, म्हणाले. म्हणून हे पत्र. नको असेल तर नुसतं नको एवढी तार कर. मी कारण विचारणार नाही, रागावणार तर मुळीच नाही. पण तुझ्याशी आता खोटं बोलवत नाही वं. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि हे पत्र पेटीत टाकलं की मी देवापुढे एकच मागणार आहे, तारवाला माझ्या दारी येऊ नये.

तोंड दाखवायला जागा नसलेली, तरी तुझीच
लतिका