मामांनी काढलेला हात

नांदेड, २० फेब्रुवारी १९८३

चि. शिवगंगा हिस मामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

लातूरचा जिल्हा झाला आणि सर्वांत जास्त नुकसान माझं झालं. तुमचा पत्ता लिहायचा कंटाळा म्हणून मी रबरी शिक्का करून घेतला होता, ‘जि. उस्मानाबाद’सकट. आता शिक्का मारा आणि खालची ओळ खोडा. नव्या कलेक्टर कचेरीने या बाबीचा विचार केलेला दिसत नाही.

असो. टेबल टेनिसची बॅट तू उलथन्यासारखी धरतेस म्हणून क्लबातल्या पोरी हसतात, हे वाचलं. जिल्ह्याच्या पहिल्या संघात दोन मुली घेणार. त्यात आलीस तर कॉलेजचं शेवटचं वर्ष, नाही तर निलंग्याचं स्थळ, असं दाजींनी, तुझ्या अण्णांनी, ठरवलंय म्हणे. स्थळ मीच आणलं, तेव्हा बॅटही मीच शिकवतो. हैदराबादेत शिकताना बरा खेळायचो. शब्दांत सांगता येईना, म्हणून बॅट धरलेला हात कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली. मूठ सैल, अंगठा एका बाजूला, तर्जनी दुसऱ्या. चित्राबरहुकूम धर, स्वतःची अक्कल चालवू नकोस.

तुझा,
चन्नबसप्पा मामा

लातूर, ६ मार्च

ती. मामांस शिवगंगाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

चित्र भिंतीला चिकटवून रोज सराव करायलेय. आधी मनगट लई दुखलं; आता चेंडू टेबलावर पडतो. क्लबात मुलींची वेळ आणि गल्लीत टँकरची वेळ एकच, त्यामुळे अण्णा रोज घागरींजवळ मला धुंडाळतात आणि रोज चिडतात. डाव्या हातानं का, म्हणून सर कुरकुरले. मी चित्र दाखवलं. आई म्हणाली की पूजेत इष्टलिंग आपण डाव्याच तळहातावर घेतो, मामा उगीच नाही सांगायचा.

निवड वीस तारखेला. अण्णांनी निलंगेकरांना पाडव्याला या म्हणून कळवूनही टाकलं. जीव थाऱ्यावर नाही.

आपली,
शिवगंगा

नांदेड, १० मार्च

चि. शिवगंगास आशीर्वाद.

अगं येडे, पेन्सिल धरायला उजवा हात लागतो, म्हणून कागदावर डावा गेला! तू उजव्या हातानं जेवतेस, लिहितेस, हे तुला आठवू नये? आणि बसम्माने त्याला पूजेचा आधार दिला, धन्य आहे. तुझी मामी हसून म्हणाली की यांचं सगळंच उलटं असतं, लग्नानंतर महिन्याभरातच तिला कळलं होतं.

पत्र मिळताच उजव्या हातानं सुरू कर. नको, थांब, इतक्या थोड्या दिवसांत काय होणार? पण करून तर बघ. मला काही सुचत नाही.

मामा

लातूर, २१ मार्च

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

एक दिवस उजव्यानं खेळले. चेंडू क्लबात आलेल्या कलेक्टरीणबाईंच्या चहात पडला. मग तुमचं ऐकणं सोडलं.

काल पहिला सामना हरले. दुसरा उलथनं म्हणणाऱ्या उमाशीच होता. माझा चेंडू तिला नको त्या बाजूनं यायचा, ती चिडायची, आणि चिडली की आणखी चुकायची. मधेच अण्णा टँकर आला म्हणून मला ओढून न्यायला आले आणि रिकामी घागर घेऊन दारातच उभे राहिले. टँकर गेला तरी हलले नाहीत. मामा, मी संघात आले!

घरी येताना अण्णा एवढंच म्हणाले की जूनमध्ये कॉलेजात जाशील, तिथं डाव्यानं लिहायला लागू नकोस. पण निलंगेकरांना आता काय तोंडानं नाही कळवायचं, हे त्यांना सुचत नाही. कार्ड घेऊन बसतात, आणि उठतात.

शिवगंगा

नांदेड, २८ मार्च

चि. शिवगंगास अनेक आशीर्वाद.

दाजींना म्हणावं, कार्ड ठेवून द्या. स्थळ मी आणलं होतं, तर नकारही मीच पोचवायला हवा होता. काल एस.टी.नं निलंग्याला जाऊन आलो. येताना लातूरला उतरलो नाही. दाजींना उगाच उपकार वाटले असते.

मुलाचे वडील भीमाशंकरराव भले माणूस. रागावले नाहीत, चहा पाजला. निघताना मात्र हळूच विचारलं की मुलगी डावखुरी आहे असं कानावर आलं, ते खरं काय.

मी हो म्हणून आलो.

मामा