दगडाला आधी आंबील

पाथरटोला
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. लीलाधर यास वहिनीचा पोटभर आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर "वहिनी, मीटिंगमध्ये आहो" म्हणून ठेवून देतोस. म्हणून कागद घेतला. कागदाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही. अक्षर तुझ्या ओळखीचंच आहे. तू पहिलीत होतास तेव्हा चुलीपुढे बसून तुझ्याच पाटीवर गिरवलेलं. काना-मात्रा चुकली तर मास्तर तूच होतास, दुसऱ्या कोणाला बोल लावू नको.

इकडे सारं ठीक. शेतातली लाखोळीची डाळ घरी आली. बोडीत यंदा पाणी टिकून आहे, म्हणून खालच्या बांधीत उन्हाळी धान रोवलं. म्हातारी गाय व्याली, गोऱ्हा झाला. अंजू मजेत आहे, बायकोची काळजी करू नको. तुझ्या दादाची काठी अजून दाराआडच आहे. कोंबड्या हाकायला मीच घेते.

देवळासमोर तू लिहिलेला देवळाच्या इतिहासाचा बोर्ड लागला. निळा रंग, पांढरी अक्षरं. उन्हात उभी राहून शेवटपर्यंत वाचला. त्यात राजा आहे, ऋषी आहे, स्वप्नात आलेला महादेव आहे. राजाचं नाव कुठून आणलंस रे? टोल्यात कोणाच्या आज्यालाही ते ठाऊक नव्हतं. बरं, राजा राहू दे. पण बाई कुठे गेली?

तुला झोपवताना तुझ्या आईनं सांगितलेली, मीही सांगितलेली ती गोष्ट. बोर्ड लिहिताना विसरला दिसतोस, म्हणून पुन्हा लिहिते. देऊळ दारापर्यंत चढलं होतं, दारावरचा आडवा दगड तेवढा राहिला होता. तो चढवताना दोर तुटला आणि पाथरवट खाली सापडून मेला. बाकीच्यांनी छिन्न्या टाकल्या. देव कोपला म्हणाले आणि डोंगर उतरायला निघाले. तेवढ्यात त्याची बायको डोक्यावर आंबिलीची हंडी घेऊन चढत आली, रोजच्यासारखी. वाटेत कोणीतरी सांगितलं असणारच. डोळे सुजले होते, पण हंडी हिंदकळली नव्हती. म्हणाली, "त्याच्या वाट्याची या दगडाले देते. तुमच्या वाट्याची तुम्ही खा, अन् उचला." आधी दगडावर ओतली. मग माणसं जेवली, उठली, आणि दगड चढला. त्याच्यावर तो पांढरा ओघळ अजून आहे. शिकलेले लोक चुना म्हणतात. म्हणू दे.

म्हणून तर शिवरात्रीला सारा मुलूख उपाशी असतो आणि आपला टोला आंबील पितो. पहिली आत जाते ती आपल्या घरची आंबीलवाली, पुजारी तिच्या मागून. दारावरच्या दगडाला आधी, महादेवाला मग.

मागच्या आठवड्यात तुमच्या देवळाच्या समितीचा अध्यक्ष भैय्यालाल घरी आला. खाटेवर बसला, चहा प्याला, बशी चाटूनपुसून ठेवली. मग म्हणतो, "काकी, यंदा तुम्ही मांगं राहा. समितीनं सवाष्णीच्या हातानं करायचं ठरवलं. बाहेरचे लोक येतात, अच्छा नहीं लगता."

"काऊन? माझ्या हाताले काय झालं?"

"काकी, तुम्ही समजून राहिल्या ना."

"नाही समजून राहिली. तोंडानं सांग."

तो उठला. मोटारसायकलवरून नवी पितळेची हंडी उतरवली, "सचिवसाहेबांच्या मिसेस उचलतील" म्हणाला आणि पसार झाला. सचिवसाहेब म्हणजे तू.

त्याला जे तोंडानं सांगता आलं नाही ते मी लिहिते. मीही इतका वेळ काठीवर आणि गोऱ्ह्यावर भागवत होते. तुझा दादा केवळराम दिवाळीनंतर गेला. माझं कपाळ मोकळं झालं. एवढंच झालं. हात होते तसेच आहेत, त्याच हातांनी रोवणी केली.

आणि लीलाधर, तुला बाबांचा चेहरा आठवत नाही. कसा आठवेल, ते गेले तेव्हा तू अंगावर पीत होतास. मग ज्या आईच्या पदराला धरून तू दर शिवरात्रीला तो चढ चढलास, तिच्या कपाळावर काय होतं ते सांग. आठव. डोक्यावर हंडी होती, मागे सारा टोला होता, पुजारी हात जोडून बाजूला उभा राहायचा. कपाळावर काही नव्हतं. रुख्माबाईला मागं राहा म्हणायची कोणाची छाती नव्हती. गुडघे गेले तेव्हा तिनं हंडी माझ्या डोक्यावर दिली, म्हणाली, "आता तू." बोर्डावरून तू दगडाची बाई पुसली नाहीस बाबा, तुझी आई पुसलीस.

आता अंजूचं. मला समजवायला तूच तिला पाठवलंस. ती आली, पितळेची हंडी उलटीपालटी केली आणि हसतच सुटली. "ताई, याले कल्हई कुठं आहे? आंबट घातलं का कळकलंच. अख्खा गाव ओकत बसंन!" सध्या त्या हंडीत गाईचा कोंडा भिजतो. हसून झाल्यावर मात्र हंडी खाली ठेवली. मग म्हणाली, "उद्या माझं असं झालं, तर हेच लोक मले मांगं ढकलतील ना?"

"चूप. भलतंच बोलू नको."

"भलतं कायचं? होय का नाही, तेवढं सांगा."

मला नाही म्हणता आलं नाही. तेव्हापासून ती इथेच आहे. मी ठेवून घेतली नाही, तीच जात्यापुढून उठत नाही. आंबिलीच्या कण्या भरडते. तुझा फोन आला की जातं जोरात फिरवते आणि म्हणते, "काही ऐकू नाही येऊन राहिलं."

पुढच्या रविवारी, शिवरात्रीला, मी चढणार आहे. सासूबाईंची काळी मातीची हंडी डोक्यावर, मागून अंजू पळी घेऊन. भैय्यालालनं दाराला लोखंडी गेट बसवलं आहे, चावी त्याच्या कमरेला असते. कुलूप दिसलं तर तिथेच हंडी उतरवून बसेन. दगडाला मिळाल्याशिवाय पुजारी पाऊल टाकत नाही, त्यानं मला तसं सांगितलं आहे. मग महादेवही उपाशी आणि समितीही उपाशी. मला घाई नाही. धान रोवून झालं आहे.

तू कुडव्याहून सकाळीच नीघ. सचिव म्हणून यायचं असेल तर गेटसमोर आडवा उभा राहा, आणि माझ्या तोंडाकडे पाहून म्हण, "वहिनी, मागं हो." नाहीतर आईचा धरायचास तसा माझा पदर धर. चढ खडा आहे, मला आता आधार लागतो. खोटं कशाला बोलू.

येताना पांढऱ्या रंगाचा डबा आण. बोर्डाखाली त्या बाईपुरती जागा उरली आहे आणि अक्षर तुझं चांगलं आहे. तू नाही लिहिलंस तर मी कोळशानं लिहीन. पाटीवर शिकलेलं विसरले नाही.

तुझ्या आईच्या मागून आलेली आंबीलवाली,
तुझी वहिनी
सुशिला