कोर्टाचा शिक्का बसेपर्यंत

४ एप्रिल
दादाने घर बळकावलं!

संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातलं काम आटोपून येताना सहज बाबांच्या घरावरून वळले, तर स्वयंपाकघरात दिवा. बाबा जाऊन महिना होतोय, घर बंद — म्हणजे चोरच! छत्री उगारून आत शिरले. आमचे थोरले बंधू बाबांच्या खुर्चीत, पाय गरम पाण्याच्या बादलीत. बाहेरच्या खोलीत त्याची गादी, त्याची इस्त्री, खिडकीच्या गजाला त्याचे शर्ट.

"बंद घर ओल धरतं," म्हणाला. "कुणीतरी राहायला हवं."
"कुणीतरी म्हणजे तूच का?"
"मी थोरला."

साठीला टेकला तरी हेच हत्यार!

५ एप्रिल
मृत्युपत्र वकीलबाईंकडे आहे, म्हणून त्यांना फोन केला. बाबांनी लिहिलंय ते सरळ आहे — घर विकायचं, तिघांनी सारखं वाटून घ्यायचं. पण त्यावर कोर्टाचा शिक्का बसेपर्यंत, ज्याला ते प्रोबेट म्हणतात, घर आमच्यापैकी कुणाचंच नाही. "राहायचं नाही, विकायचं नाही, कुलूप बदलायचं नाही." दादाला शब्दन् शब्द ऐकवला.
"बरं," म्हणाला.
दादाचं 'बरं' म्हणजे 'नाही'.

८ एप्रिल
भिंगरीला कळलं. (मीच सांगितलं. राहवेना.) आमची धाकटी. लहानपणी एका जागी बसायची नाही, म्हणून हे नाव. आता बेकरीत पहाटेच्या पाळीला पाव भाजते, तिथेही बसत नाहीच. फोनवर एवढंच म्हणाली, "असं का! बघतेच."

९ एप्रिल
बघितलं. टेम्पो घेऊन आली. पलंग, कपाट, मांजर.

११ एप्रिल
मीही आले. राहायला नाही! लक्ष ठेवायला. या दोघांनी आपसात वाटून घेतलं तर मधली बसली हात चोळत. एकच बॅग आणलीय. आणि उशी. आणि रेडिओ.

१९ एप्रिल
आज शोभा झाली.

न्हाणीघरावरून सकाळी जुंपली. दादा आत गेला की बाहेर यायचं नाव नाही, आणि भिंगरी पाळीवरून अंगभर पीठ घेऊन दाराशी ताटकळत. तिने दारावर लाथ मारली. आतून फक्त "बरं" आलं — तेव्हाच ओळखायला हवं होतं. दुपारी आम्ही दोघी परतलो तर दाराला नवं कुलूप! साहेब गाडी शिकवायला गेलेले.

"मागची खिडकी," भिंगरी म्हणाली.

लहानपणी आत शिरायचो ती खिडकी तीच होती, आम्ही त्याच नव्हतो. भिंगरी कमरेपर्यंत आत गेली आणि अडकली. मी मागून ढकलतेय, ती आतून शिव्या घालतेय, मांजर ओट्यावर बसून बघतंय. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. नेमका दादाही त्याच वेळी आला.

"घर कुणाचं?" हवालदाराने विचारलं.
"माझं!" — तिघेही. एक आवाज खिडकीच्या आतून.
"कागद?"
कुणाकडेच नाहीत.
"मग तिघेही बाहेर बसा," हवालदार म्हणाला, आणि भिंगरीला पायांना धरून ओढून काढलं. तिची एक चप्पल आत राहिली.

पायरीवर ओळीने बसलो. आधी भिंगरीला हसू फुटलं. मग मला. दादा बराच वेळ तोंड फिरवून होता, पण त्याचे खांदे हलत होते. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

२० एप्रिल
वकीलबाईंनी तिघांची हजेरी घेतली. शाळेत कधी एवढी बोलणी खाल्ली नाहीत. शेवटी कंटाळून म्हणाल्या, "एकाला राहता येणार नाही. तिघं एकमेकांच्या संमतीने राहत असाल, तर मी काही बघितलं नाही." नव्या कुलपाच्या तीन किल्ल्या झाल्या.

२ मे
मांजर दादाच्या गादीवर झोपतं. फितूर!

९ मे
दादा घरातही गाडीच शिकवतो. भिंगरी चहाचा ट्रे घेऊन वळली की, "आरसा बघ! मग वळ!" आज तिने खरोखरच आरसा बघितला आणि चहा त्याच्या पायावर सांडला. म्हणे, सिग्नल दिला होता.

१७ मे
बाबांचं कपाट आवरायला काढलं. तिघांनाही रजा होती, नाहीतर कुणी एकट्याने हात लावला नसता. करडा कोट निघाला. दादाने घालून बघितला. पोटावर बटण लागेना, पण पाठमोरा उभा राहिला तेव्हा — नको, लिहवत नाही. भिंगरी उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

मग भांडण. कोट कुणी घ्यायचा यावर नव्हे! दादा म्हणे मधलीने घ्यावा, मी म्हणे भिंगरीने, भिंगरी म्हणे दादाला शोभतो. तावातावाने. कोट परत कपाटात.

२६ मे
माझ्या घरी पावसाळी कपडे आणायला गेले. चहा केला. सवयीने तीन कपांचं आधण ठेवलं. एक प्यायले, बाकीचा ओतून दिला. फ्रीजची घरघर किती मोठी असते! परत आले, तर दादा दारातच. "कुठे होतीस? जेवायचं थांबलोय."
वहिनी लेकीकडे परदेशी गेली ती तिकडेच रमली. त्याच्या घरीही फ्रीज आहेच की.

१२ जून
वकीलबाईंचा फोन. महिनाअखेर शिक्का बसेल. गिऱ्हाईकही तयार — एक दातांचा डॉक्टर, मधली भिंत पाडून दवाखाना काढणार. "अभिनंदन! कुणी हरकत घेतली असती तर वर्ष-दोन वर्षं लांबलं असतं. तुमचं सुरळीत झालं."

जेवताना सांगितलं.
"छान झालं," दादा म्हणाला.
"सुटलो बाई," भिंगरी म्हणाली.
"एकदाचं," मी म्हटलं.
दुसऱ्यांदा कुणी वाढून घेतलं नाही.

१४ जून
अर्धी रजा टाकली. वकीलबाईंच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हटलं, मला हरकत घ्यायचीय. कसली ते तुम्हीच शोधा. आणि घरी त्या दोघांना एवढ्यात कळू देऊ नका.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमचे दादा काल इथेच बसून हेच सांगून गेले," म्हणाल्या. "आणि बहीण सकाळी येऊन गेली. खुर्चीवर पीठ आहे, बघून बसा."