पालथा कप

प्रिय आई,

तू आत भिंतीकडे तोंड करून पडली आहेस. झोप लागलेली नाही, हे मला इथूनही कळतं. खरी झोप लागली की तू घोरतेस आणि उठल्यावर ते नाकारतेस. तू ओतायच्या आत मी माझा कप बशीत पालथा घातला, म्हणून उठून गेलीस. "आता माझ्या घरची कॉफीसुद्धा चालेना का बाईसाहेबांना?" एवढंच म्हणालीस आणि दार इतकं हळू ओढून घेतलंस की आपटलं असतंस तर परवडलं असतं. मी तिथे येऊन बोलायला लागले तर तू लगेच उठून भांडी घासायला घेशील. घासलेली भांडी पुन्हा घासशील. म्हणून लिहिते आहे. जे तोंडाने नीट सांगता येत नाही ते सुवाच्य अक्षरात लिहावं, हे तूच मला याच टेबलावर शिकवलंस.

हिवाळ्यात शाळेची गाडी आपल्या वळणापर्यंत येईना, तेव्हा बाबांनी खिडकीखाली हे टेबल सरकवलं आणि तू माझी शाळा झालीस. अक्षरं नंतर आली. पहिला धडा हाच होता की दुसऱ्याच्या घरी ओतलेलं नाकारायचं नाही. कप पालथा घालायचा तो पिऊन झाल्यावर, म्हणजे यजमानाला कळतं की पाहुणा तृप्त आहे. न पिता पालथा घालणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. मी तो धडा इतका पाळला की आता त्याची शिसारी येते. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन कामं करायची माझी नोकरी; कुणाचे पाय धुवायचे, कुणाची लाकडं आत आणायची, आणि प्रत्येक घरी आधी कॉफी. साधी नाही, आत भाजलेल्या चीजचे तुकडे टाकलेली. तो कप रिकामा होत आला की तळाशी ते रबरासारखे फुगलेले तुकडे दिसतात, त्यांवर तुपकट डोळे तरंगत असतात, आणि समोरचा म्हातारा आपल्या तोंडाकडे बघत असतो. मी चावून गिळायची आणि म्हणायची, व्वा.

मग मागच्या वसंतात मला जिने चढवेनासे झाले. ओइवा आजोबांकडची लाकडं आणताना मला अंगणात बसावं लागलं आणि ते खिडकीतून ओरडले, "पोरी, ऐंशीचा मी आहे की तू?" दवाखान्यात फोन केला की यंत्र म्हणतं, आम्ही परत फोन करू. तो येतो तेव्हा मी कुणाला तरी आंघोळ घालत असते आणि माझे हात साबणाचे असतात. नर्सची गाडी महिन्यातून एकदा दुकानासमोर उभी राहते, वादळ असलं तर तेही नाही. तिथे रक्त काढलं. निकाल सांगायला पडद्यावर एक डॉक्टरबाई आली, हेलसिंकीत बसलेली, मागे हिरवं झाड. लोह फार कमी आहे म्हणाली, गोळ्या दिल्या, झाड दिसेनासं झालं. मी गोळ्या घेतल्या, एकही न चुकवता. पुढच्या तपासणीत आकडा तिथेच. त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी खाली. आणि ती बाई गोड आवाजात म्हणाली, "आपण गोळ्या नियमित घेता ना? बरेच जण घेत नाहीत." मला विचारत होती, आई! झोपायच्या प्रार्थनेत एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पहिल्यापासून म्हणणाऱ्या मला. मी पडद्यासमोर लालसुद्धा होऊ शकले नाही, तेवढं रक्तच नव्हतं.

गाडीतल्या माइरे नर्सनेच मग सहज विचारलं, गोळी कशाबरोबर घेतेस? मी म्हटलं, कॉफीबरोबर, आणखी कशाबरोबर घेतात? तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई, एका हाताने पोटात घालतेस आणि दुसऱ्या हाताने काढून घेतेस!" कॉफी लोह अंगी लागू देत नाही. दूधही नाही, चीजही नाही. गोळी आंबट रसाबरोबर घ्यायची, आपल्या लाल बोरांचा रससुद्धा चालतो, आणि कॉफी तिच्यापासून काही तास लांब ठेवायची. म्हणजे कितीतरी महिने मी लोखंड गिळलं आणि ते जसंच्या तसं संडासात सोडलं, का, तर कुणाला वाईट वाटू नये म्हणून. माइरेने तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी शेवटी लिहिते, कारण तीच लिहायला बसले आहे आणि हात तिकडे वळत नाही.

ओइवा आजोबांकडे मी पहिल्यांदा नाही म्हटलं तेव्हा घाम फुटला होता. त्यांनी आधी किटलीत डोकावून पाहिलं. "का गं, माझ्या कॉफीत उंदीर पडलाय?" मी सगळं समजावलं. ते म्हणाले, "लोखंड कमी आहे होय, मग खिळे चोख." पण दुसऱ्या खेपेला त्यांनी माझ्यापुढे रसाचा पेला ठेवला, अगदी तुच्छतेने, मांजरीपुढे बशी ठेवावी तसा. मी आता घरोघर तोच पेला पिते. गावात म्हणे माझ्या डोक्यात शहराचं वारं शिरलंय. शिरू दे.

रक्ताच्या धिरड्यांचं तुला सांगायलाच नको. शरद ऋतूत रेनडिअर कापले जायचे तेव्हा तू बादलीवर वाकून ते गरम रक्त बर्च झाडाच्या काड्यांनी घुसळत राहायचीस, गोठू नये म्हणून. कोपरापर्यंत शिंतोडे, आणि मला म्हणायचीस, हिल्ला, इकडे ये, मीठ टाक. मी नाक दाबून मीठ टाकायची आणि सौनाच्या न्हाणीघरामागे जाऊन ओकायची. अजूनही तव्यावर ते काळं पीठ पसरलं, कडेने बुडबुडे आले आणि जीभ चावल्यावर येते ती चव हवेत आली की मी आधी खिडकी उघडते. तरी खाते, लोह मिळावं म्हणून, मुरांबा थापून. या वर्षी तू रक्ताची सगळी पाकिटं माझ्याच गाडीत भरलीस. मी म्हटलं, तुला ठेव ना थोडी. तू म्हणालीस, "मला आताशा पचत नाही. आणि आपल्या घरातल्या बायका पांढऱ्याच, ती घराण्याची खूण आहे."

या वाक्याची मला सगळ्यांत जास्त किळस येते. धिरड्यांपेक्षा, गोळीच्या ढेकरांपेक्षा. बाबा असताना ते पाहुण्यांना हे कौतुकाने सांगायचे, जशी चांदीची चमचेदाणी दाखवतात. आजीबद्दल आपण काय म्हणतो? ती थकून गेली. सौनाच्या बाकावर टेकली आणि थकून गेली. कशाने थकली, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवशीही आधी कॉफी झाली असणार.

आता तुला वाचायला आवडणार नाही ते. गोळ्या अंगी लागत नव्हत्या त्या महिन्यांत मी फ्रीजरच्या भिंतींवरचा बर्फ सुरीने खरवडून खायची. त्यात जुन्या माशांचा वास असायचा, माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं, तरी थांबता येत नसे. मग कोरडं पीठ खायला लागले, घास घास, टाळूला चिकटेपर्यंत. माइरेला सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती नुसती मान हलवत होती. म्हणाली, लोह उतरलं की कुणाकुणाला असं होतं, कुणी बर्फ खातं, कुणी खडू, कुणी माती. माती म्हटल्याबरोबर मला आपली मोठी चूल दिसली. लाकडांच्या पेटीमागे, खाली कोपऱ्यात, जिथे विटांवरचा मातीचा लेप उकरलेला आहे. लहानपणी तू मला सांगितलं होतंस की तो उंदरांनी केला. मी दरवर्षी नाताळात तिथे उंदरांसाठी पावाचा तुकडा ठेवायची, आणि तू मला ठेवू द्यायचीस.

आज सकाळी तू गोठ्यात होतीस तेव्हा मी ती पेटी ओढली. वरची कड ताजी आहे, नखांच्या रेघा असलेली, आणि जमिनीवर पिवळी भुकटी. पण खालची कड गुळगुळीत, काळी पडलेली, फार जुनी आहे. ती तुझी नाही. ती आजीची असणार, आणि कदाचित तिच्याही आधीची. आई, आपल्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्या कोपऱ्यात बसून चूल खात आल्या, आणि उठून तोंड पुसून पाहुण्यांना कॉफी ओतत आल्या. मला तिथेच ओकारी आली. तुझी किळस नाही आली. हे मी नीट विचार करून लिहिते आहे.

आता राहिलेलं. मघाशी मी तुला म्हटलं, गोळी घेतली आहे म्हणून कॉफी नको. ते खोटं होतं. गोळी अजून माझ्या खिशात आहे. तू ओतायला आलीस तेव्हा मी नुकतीच बाहेरच्या संडासाची बादली रिकामी करून आले होते. दर महिन्याला करते तशी, श्वास रोखून आणि तोंड फिरवून. पण आज भुशात ते काळं दिसलं. डांबरासारखं, चिकट, वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत. काळं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे, कारण माझंही होतं. मी घाबरून विचारलं होतं तेव्हा माइरे म्हणाली होती, तुझा तो गोळीचा रंग आहे, निश्चिंत राहा. पण गोळ्या न घेणाऱ्या माणसाला असं झालं तर आत कुठेतरी रक्त जातंय, तेव्हा नर्सच्या गाडीची वाट बघत बसायचं नाही, असंही तीच म्हणाली होती. तू गोळ्या घेत नाहीस. रक्ताची पाकिटं सगळी मला दिलीस. निळ्या बोरांनी झालं असेल म्हणावं, तर तुझा बोरांचा डबा मी उघडून पाहिला, वरचा बर्फसुद्धा फुटलेला नाही. तू म्हणशील, हिल्लाला प्रत्येक गोष्टीची काळजी आणि प्रत्येक गोष्टीची किळस. आहेच. जी मुलगी लहानपणी बादलीत मीठ टाकून ओकायला पळायची, तीच आज दुसरी बादली उजेडात नेऊन, काडीने उकरून, दोनदा बघून आली. मग कॉफी घशाखाली उतरली नसती. आणि उतरली असती, तर ती पीत आपण हवेबद्दल बोललो असतो, ओइवाच्या गुडघ्याबद्दल बोललो असतो, तू कप पालथा घातला असतास आणि हे नेहमीसारखं राहून गेलं असतं. म्हणून मी आधीच पालथा घातला. तू आत गेल्यावर मी दवाखान्यात फोन लावला. या वेळी यंत्रावर न थांबता तातडीचा आकडा दाबला. आजच घेऊन या म्हणाले, त्या काळ्याचं त्यांना सांगून ठेवलं आहे. बर्फ काढणारी गाडी वळणापर्यंत आली की रस्ता मोकळा होईल. ती उतारावर आल्याचा आवाज आता येतो आहे. त्याआधी उठताना तुला अंधारी आली, तर मी कुणाचंही ऐकणार नाही, सरळ रुग्णवाहिका बोलावणार. तुझा कोट चुलीजवळ गरम करत ठेवला आहे, बूट मी घालून देईन. गुरांचं ओइवा आजोबांच्या सुनेला सांगितलं आहे. कप तसाच पालथा असू दे, उचलून धुऊ नकोस. परत आलो की तो तूच सरळ कर आणि काठोकाठ ओत, चीज घालून. त्या दिवशी गोळी मी दुसऱ्या वेळी घेईन. आता फक्त ऊठ.

तुझीच, तू शिकवलेली,
हिल्ला